राजवैद्यांचं अंगाईगीत

पंखे बंद करा, फ्रिजचा प्लग काढा, भिंतीवरचं घड्याळ उतरवा, असं रेकॉर्डिंगसाठी आलेल्या अनीशने एकामागून एक सांगितलं आणि टिपणिसांच्या घरात बऱ्याच महिन्यांनी सगळ्यांनी मिळून एक काम केलं. अनिकेतने स्टुलावर चढून घड्याळ काढलं, खाली उभ्या असलेल्या नूपुरने ते हातात घेतलं, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता हे पार पाडलं. बहीण-भावाचा अबोला मार्चपासून चालू होता. एवढ्या सरावानंतर हे दोघं न बघता कपाटसुद्धा जिना उतरवून नेतील, असं अमृताला वाटलं.

अमृता ही या घरातली सून आणि सध्या घरातलं टपाल खातं. नवऱ्याचं म्हणणं नणंदेला, नणंदेचं म्हणणं नवऱ्याला, आणि सासऱ्यांचं म्हणणं कुणी ऐकत नसलं तरी सगळ्यांना पोचवायचं, हे काम तिच्याकडे आपोआप आलं होतं. पगार नव्हता, रजा नव्हती, पण माहिती भरपूर मिळायची.

भांडण एका गाण्यावरून होतं. सासूबाईंनी, म्हणजे विजयाबाईंनी, दोन्ही मुलांना जे गाऊन झोपवलं ते चार ओळींचं गाणं.

*जाईल, जाईल, रातीत जाईल,*
*सलतं, खुपतं, सारं जाईल,*
*निजा हो निजा, निवांत निजा...*

चौथ्या ओळीला शब्दच नव्हते. तिथे विजयाबाई नुसतं गुणगुणायच्या.

अनिकेत कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. मार्चमध्ये कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं आणि ते सांगायचं काम त्याच्यावर आलं. त्याने सगळ्यांना सभागृहात बोलावलं, दिवे मंद करायला सांगितलं आणि आपल्या आईचं अंगाईगीत ऐकवलं. जाईल, जाईल, सारं जाईल. संकट कायमचं नसतं, असं त्याला म्हणायचं होतं. पुढच्या सोमवारपर्यंत नोकरी गेलेल्यांना त्याचा वेगळा अर्थ समजला. कुणीतरी ते भाषण मोबाइलवर टिपलं होतं, आणि ते फिरत फिरत नूपुरपर्यंत आलं.

नूपुर लोकगीतांचे कार्यक्रम करायची. हेच गाणं ती शेवटी म्हणायची, आणि त्याआधी दहा मिनिटं बोलायची. माझे आजोबा कोकणातले राजवैद्य, त्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं हे गीत. बाळाला 'निजा हो' असं आदराने म्हटलंय, कारण बाळ म्हणजे देव. आणि चौथी ओळ! शब्द थकतात तिथून नाद सुरू होतो. एवढं ऐकल्यावर बालीगंजमधला बंगाली श्रोता डोळे मिटून घ्यायचा. पहिल्या रांगेत बसलेले चंद्रकांतराव, म्हणजे तिचे बाबा, मान डोलवायचे. अशा पवित्र गाण्याचा उपयोग माणसांना घरी पाठवायला केला, हे तिला सहन झालं नाही.

"दादाला सांग, ते गाणं त्याच्या मालकीचं नाही," तिने अमृताला सांगितलं होतं.

"तिला सांग, तिच्याही नाही," अनिकेतने परत पाठवलं होतं.

आज मात्र दोघांनाही एका छताखाली यावं लागलं होतं. विजयाबाईंच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली होती. मंगळवारी ऑपरेशन होतं. आवाजाची नस गाठीला अगदी लागून आहे, आम्ही जपूच, पण खात्री देता येत नाही, असं सर्जनने सांगितलं होतं. तेव्हा आईचा आवाज आहे तसा धरून ठेवावा, हे नूपुरला सुचलं. तिचा ओळखीचा अनीश कोलकात्यातल्या लहान लहान भाषांमधली अंगाईगीतं जमा करत होता.

"लहान?" चंद्रकांतरावांनी दारातच त्याला अडवलं होतं. "मराठी लँग्वेज को आप लहान, आय मीन, छोटा बोलते हैं?"

"कोलकाता में, काकाबाबू। सिर्फ कोलकाता में," अनीश म्हणाला आणि संदेश मिठाईचा डबा पुढे केला. डबा स्वीकारण्यात आला. भाषेचा प्रश्न पुढे ढकलला गेला.

*

चंद्रकांतरावांना सकाळपासून चैन नव्हतं. बायकोचं ऑपरेशन हे एक कारण होतंच, आणि ते सांगण्यासारखं होतं. दुसरं सांगण्यासारखं नव्हतं.

ते सरकारी तेल कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी होते. पहिली बदली कोलकात्याजवळ बजबजच्या तेलाच्या डेपोवर झाली, पुढे बढत्या मिळाल्या आणि शेवटी हा बालीगंजचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एवढ्या वर्षांत त्यांनी नोकरीत एकही खोटी सही केली नव्हती. घरात एक जुनी गोष्ट तेवढी थोडी सुधारून सांगितली होती, आणि ती आता त्यांच्याहून मोठी झाली होती.

"काकीमा, जब आपका मन हो," अनीश म्हणाला. कानांवर हेडफोन चढवून तो जमिनीवर बसला.

विजयाबाई दिवाणावर बसल्या होत्या. समोर माइक. त्यांनी पदर सारखा केला, एक घोट पाणी घेतलं आणि सुरुवात केली.

आवाज काही फार मोठा नव्हता. बहात्तर वर्षांचा होता, थोडा कापत होता. पण पहिल्याच 'जाईल'ला अनिकेतचा मोबाइल चाळवणारा अंगठा थांबला. नूपुरने खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. अनिकेत-अमृताची सोळा वर्षांची मधुवंती, जिला मराठी गाण्यांचा एरवी कंटाळा यायचा, तीसुद्धा आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरी ओळ झाली. तिसरी सुरू झाली. निजा हो निजा...

आणि खालच्या गल्लीतून सायकलवरचा भोंगा गरजला. *छारपोका! आरशोला! इंदूर मारार ओषुध!* ढेकूण, झुरळं आणि उंदीर मारायचं औषध विकणारा माणूस आला होता. त्याचा आवाज आधीच मुद्रित केलेला होता, त्यामुळे त्याला दम लागत नव्हता.

अनीशने हेडफोन काढले. "कट हो गया। फिर से करना होगा।"

चंद्रकांतराव ताडकन उठून बाल्कनीत गेले. "ए! बंद करो! इधर रेकॉर्डिंग चल रहा है!"

फेरीवाल्याने वर पाहिलं. भोंगा बंद केला. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दादू, बाडिते छारपोका आछे?"

"नहीं! हमारे घर में ढेकूण नहीं है! कुछ भी नहीं है! जाओ यहाँ से! शरीफ लोगों का मोहल्ला है, ये क्या बाजार समझ के रखा है?"

"ओरडू नका त्याच्यावर," आतून विजयाबाई म्हणाल्या.

त्या कधी असं तोडून बोलत नसत. चंद्रकांतराव बाल्कनीतून वळले.

"अगं, पण मध्येच..."

"पोटासाठी ओरडतोय तो. माझे वडील असेच ओरडायचे."

*

नूपुर हसली. आईला ऑपरेशनची धास्ती बसलीय, म्हणून काहीतरी बोलते आहे, असं तिला वाटलं.

"आई, आजोबा राजवैद्य होते," ती लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली.

"कुठल्या राजाचे?" विजयाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न इतका सोपा होता की तो आजवर कुणालाच सुचला नव्हता. नूपुरने शेकडो लोकांसमोर ते घराणं उभं केलं होतं, पण त्यात राजा ठेवायचा राहून गेला होता. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा संदेशच्या डब्यावरचा मजकूर वाचत होते. तो बंगालीत होता आणि त्यांना बंगाली वाचता येत नव्हतं.

"माझे वडील मलम विकायचे," विजयाबाई म्हणाल्या. "सायकलला पत्र्याची पेटी बांधून देवरुख, लांजा, पाली, जिथे आठवड्याचा बाजार असेल तिथे जायचे. मलम स्वतः घरी करायचे. गंधक, खोबरेल आणि आणखी काय काय. घरभर वास असायचा. आणि हातात पत्र्याचा कर्णा. गाणं म्हटल्याशिवाय लोक थांबत नाहीत, म्हणून त्यांनी गाणं केलं होतं."

"कुठलं गाणं?" अनिकेतने विचारलं. त्याला उत्तर कळलं होतं. पण मीटिंगमध्ये वाईट बातमी समोरच्याच्याच तोंडून येऊ द्यायची, ही त्याची सवय होती.

"हेच की. *निजा हो निजा, निवांत निजा, खरूज, नायटा, गजकर्ण जाईल!*" चौथी ओळ विजयाबाईंनी अगदी सहज म्हटली. चाल बरोब्बर बसली.

 

"आजी, गजकर्ण म्हणजे गणपती ना?" मधुवंतीने विचारलं. "सो स्वीट."

"नाही गं," अमृता म्हणाली. "चट्टे पडतात अंगावर. कातडीचा रोग."

"ओ," मधुवंती म्हणाली. मग जरा विचार करून, "म्हणजे ते 'निजा हो' बेबीला नाही बोलत? कस्टमरला बोलते?"

आदराचा उलगडा अशा रीतीने झाला. नूपुर खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिला दहा मिनिटांचं भाषण आठवत होतं, एकेक वाक्य. नाद कुठून सुरू होतो ते आठवत होतं. गेल्या वर्षी शांतिनिकेतनच्या एका बाई कार्यक्रमानंतर तिचे हात धरून रडल्या होत्या, त्याही आठवल्या.

"पण तू ती ओळ कधीच म्हटली नाहीस," ती म्हणाली. "तू गुणगुणायचीस, आई. मी तेच शिकले."

"ते ह्यांना विचार."

डबा आता उलटा धरून वाचला जात होता.

"बाबा?"

"त्याला फार वर्षं झाली," चंद्रकांतराव म्हणाले. "बजबजला असताना आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मिसेस एकदा घरी आल्या. अनिकेत पाळण्यात. ही आपली मोठ्याने खरूज, नायटा. त्यांनी मला विचारलं, व्हॉट इज शी सिंगिंग? मी काय सांगणार होतो?"

"काय सांगितलंत?"

"लोरी आहे म्हटलं. नंतर हिला म्हटलं, शेवटची ओळ नुसती गुणगुण. बरं नाही दिसत."

"म्हणजे तो नाद तुमचा," नूपुर म्हणाली. "आणि पहिल्या रांगेत बसून तुम्ही मान डोलवत होतात!"

"गात होतीस छान, म्हणून डोलवत होतो."

"आणि राजवैद्य?"

"त्या मिसेसना मलम हवं होतं, कंपनीतल्या बऱ्याच लोकांना लागण झाली होती. कुणी केलंय विचारल्यावर फेरीवाल्याने, असं सांगितलं असतं तर त्यांनी लावलं असतं का? त्यांच्या भल्यासाठीच..."

"आपल्याकडे मलम कशाला होतं?" अनिकेतने विचारलं.

"होतं असंच. गावाहून आलेलं. आपल्या घरात काही कुणाला..."

"पहिली तुम्हालाच झाली," विजयाबाई म्हणाल्या. "डेपोच्या गेस्ट हाउसमधून घेऊन आलात. मग मला, मग अनिकेतला. पोर रात्र रात्र रडायचं. मी वडिलांना कळवलं, त्यांनी पोस्टाने डबे पाठवले. तुम्ही स्वतः पाठ करून बसायचात माझ्यासमोर, लाव म्हणून."

मधुवंतीला एवढं सगळं मराठी एरवी कळलं नसतं. आज तिला प्रत्येक शब्द कळत होता.

गेले आठ महिने टपालाने बोलणारे भाऊ-बहीण आता समोरासमोर आले.

"तू खरजेच्या मलमाची जाहिरात गाऊन लोकांना नोकरीवरून काढलंस, दादा."

"आणि तू त्याच जाहिरातीला लोकांचे डोळे मिटवलेस. नाद म्हणे!"

"मी निदान कुणाचं नुकसान केलं नाही."

"शांतिनिकेतनच्या बाईंना सांग ते."

हे बोलणं प्रेमाचं नव्हतं, पण मधल्या माणसाशिवाय झालं होतं. अमृताने मनातल्या मनात टपाल खात्याचा राजीनामा दिला.

"हे बघा," अनिकेत जरा सावरून म्हणाला, "घरातली गोष्ट घरात राहिली म्हणजे झालं. आईने नेहमीसारखं गायचं. शेवटी गुणगुणायचं. ज्याला जे समजायचं ते समजू दे."

"करेक्ट," चंद्रकांतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मुलाचं बोलणं संपूर्ण पटलं होतं. "अनीशबाबू, वो जो अभी बातचीत हुआ, वो डिलीट कर दीजिए।"

अनीशला काही कळलं नव्हतं. काकीमा बोलत होत्या, सगळ्यांचे चेहरे पडत होते, एवढंच त्याने पाहिलं होतं. त्याने मधुवंतीकडे पाहिलं आणि मधुवंतीने अस्खलित बंगालीत सगळं सांगून टाकलं. मलम, बाजार, कर्णा, दादूंची पाठ. ज्या भाषेत ती वाढली होती त्या भाषेत गोष्ट फारच छान झाली. चंद्रकांतरावांना बंगाली वाचता येत नसलं तरी ऐकून समजत होतं.

"दोबारा तो गाना ही पड़ेगा," अनीश जपून म्हणाला. "कौन सा वाला, आप लोग ठीक कर लीजिए।"

"गुणगुणण्याचं," बाप-लेक एकदम म्हणाले.

विजयाबाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मंगळवारनंतर हा गळा कसा राहील ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आज गायचं तर पुरतं गाईन. नाहीतर अमृता, पंखे लाव आणि कुकर चढव. मला भूक लागलीय."

"विजया, जरा समजून घे," चंद्रकांतराव म्हणाले. "माझ्या कंपनीतले लोक नूपुरच्या कार्यक्रमांना येतात. चाळीस वर्षं ओळखतात मला. काय तोंड दाखवू?"

"पाठ दाखवली नाहीत म्हणजे झालं."

अमृताला हसू आवरलं नाही. चंद्रकांतरावांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, आपल्या बाजूला नेमकं कोण उरलंय ते त्यांच्या लक्षात आलं असावं, आणि ते आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसले. मुलगा बाहेरच राहिला. त्याला त्यांच्यामागे जायचं होतं, पण वाटेत माइकची वायर होती.

*

विजयाबाईंना कुणावर सूड वगैरे उगवायचा नव्हता. मुलांना वाटलं होतं, आईने हे इतकी वर्षं मनात कोंडून ठेवलं. तसंही काही नव्हतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण राजवैद्य म्हटलं की लोक मान हलवतात आणि पुढे विचारत नाहीत.

बजबजला डबे आले त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात वडील वारले. तार आली, ती उशिरा. अनिकेत तापलेला, गाडीची तिकिटं नाहीत, कोकण दुसऱ्या टोकाला. जाणं झालं नाही. त्या रात्री पोराला झोपवताना त्या नेहमीचं गाणं म्हणू लागल्या आणि त्यांना ऐकू आलं की आपण अगदी वडिलांसारखे श्वास घेतोय. 'जाईल'च्या आधी एक लहानसा, 'निवांत'च्या आधी छाती भरून. बाजारात लांबवर पोचायला लागतो तसा. वडिलांचा आवाज कुणी कुठे साठवून ठेवला नव्हता. फोटोही एकच, तोही लग्नातला, गर्दीत मागे उभे. पण श्वास कुठे घ्यायचा ते त्यांना माहीत होतं. मग त्या रोज गायल्या. एक ओळ नवऱ्याला दिली, बाकीच्या ठेवल्या.

"चालू करो," त्यांनी अनीशला सांगितलं.

या वेळी त्या मांडी मोडून ताठ बसल्या. पहिला 'जाईल' असा आला की मधुवंती दचकली. हे झोपवायचं गाणं नव्हतंच. हे गर्दीतल्या माणसाला थांबवायचं गाणं होतं. ए भल्या माणसा, तू रात्रभर जागा असतोस ना, तुला लाज वाटते ना कुणाला सांगायची, इकडे ये. *सलतं, खुपतं, सारं जाईल.*

अनिकेतने ठरवलं होतं की चौथ्या ओळीला हसायचं. घरात काय झालं ते उद्या स्वतःच गमतीने सांगितलं म्हणजे त्यातली नाचक्की निघून जाते, हा त्याचा नेहमीचा उपाय. त्याने चेहऱ्यावर हसू तयारही ठेवलं.

*खरूज, नायटा, गजकर्ण जाईल!*

आणि त्याला एकदम गंधकाचा वास आला. तो तेव्हा इतका लहान होता की हे आठवणं शक्य नाही, असं तो पुढे बरेच दिवस स्वतःला समजावणार होता. पण वास आला. हातांना बांधलेली फडकी आली, खाजवू नये म्हणून बांधलेली. अंधारात पाठीवरून फिरणारी गार, चिकट बोटं आली. आणि आग विझत विझत जाण्याचं ते सुख, जे त्याला नंतर कुठल्याही बढतीत मिळालं नव्हतं. पाच-सातशे लोकांसमोर दिवे मंद करून त्याने जे खोटंखोटं सांगितलं होतं, ते त्याच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं निघालं होतं. सकाळी गेलं होतं. आईने लावलं होतं आणि गेलं होतं.

कंपनीचा मोठा अधिकारी खरजेच्या मलमाच्या जाहिरातीला रडू लागला. आवाज न करता, कारण रेकॉर्डिंग चालू होतं.

नूपुरने पाहिलं. उठून त्याच्याजवळ येणं शक्य नव्हतं, खुर्ची करकरली असती. तिने खिडकीजवळूनच आपली ओढणी काढून त्याच्याकडे फेकली. ती त्याच्या डोक्यावर पडली. त्याने त्या ओढणीनेच तोंड पुसलं.

गाणं संपल्यावरही विजयाबाई थांबल्या नाहीत. वडील शेवटी जे ओरडायचे तेही त्यांनी ओरडून घेतलं. "लावा निरामय मलम! या हो या!" मग त्या खोकल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "झालं बाई."

आतल्या खोलीचं दार थोडं उघडं होतं. ते कधी उघडलं, कुणी पाहिलं नाही.

*

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. गाठ साधी निघाली. आवाज मात्र खाली उतरला तो उतरलाच. आधी नुसती घरघर, मग हळूहळू शब्द, पण गाणं नाही. 'निवांत'पर्यंत गेलं की गळा तिथेच थांबायचा. सर्जन म्हणाला, बोलता येतंय हे पुष्कळ झालं. विजयाबाईंनाही ते पटलं. ओरडायचं ते ओरडून झालं होतं.

नूपुरचा कार्यक्रम जानेवारीत होता. तिने महिनाभर जमेल ते सगळं करून पाहिलं. गाणंच गाळावं असं ठरवलं, मग नुसतं गावं आणि काही बोलूच नये असं ठरवलं. अनिकेतचे तिला रोज फोन यायचे, आणि त्याच्याकडे रोज नवा सल्ला असायचा. "तू पारंपरिक म्हणून सोडून दे," असं तो सोमवारी म्हणायचा आणि "नाही, आजोबांचं नाव आलं पाहिजे," असं मंगळवारी. अबोला बरा होता, असं अमृताला अधूनमधून वाटायचं.

चंद्रकांतरावांनी या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. कार्यक्रमाला येणार का, हेही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र कोट घालून ते सगळ्यांच्या आधी खाली टॅक्सीत जाऊन बसले.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कंपनीतले निवृत्त लोक होते. चंद्रकांतरावांच्या शेजारी प्रकाश गोडबोले बसले, त्यांचे जुने सहकारी. "अरे, तुझ्या सासऱ्यांचं ते गाणं आहे ना शेवटी?" त्यांनी विचारलं. "आमची ही खास त्यासाठी आलीय. राजवैद्यांचं."

चंद्रकांतरावांनी कोटाची बटणं लावली. पलीकडे विजयाबाई शाल घेऊन बसल्या होत्या.

शेवटच्या गाण्याआधी नूपुरने तानपुरा थांबवला. लोक सवयीने डोळे मिटायच्या तयारीला लागले.

"हे गाणं मी आजवर चुकीचं सांगत आले," ती म्हणाली. "ते राजवैद्यांचं नाही, आणि पारंपरिकही नाही. माझ्या आजोबांनी ते रचलं. दिगंबर सबनीस त्यांचं नाव. ते बाजारात खरजेचं मलम विकायचे."

काय वाटून घ्यावं ते कुणाला कळलं नाही. तिने गायला सुरुवात केली. तीन ओळी नेहमीसारख्या शांततेत गेल्या. चौथी आली, आणि मागच्या बाजूला मराठी मंडळी बसली होती तिथून एक हसू फुटलं. मग दुसरं. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी अर्थ सांगितला, आणि मग तेही हसले. काही वाईट बुद्धीने नाही. खरूज हा शब्दच तसा. पण सगळं सभागृह हसलं. नूपुरचा सूर अडखळला आणि ती थांबली. विजयाबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली.

चंद्रकांतराव उठले. आधी नुसते उभे राहिले. मग स्टेजकडे पाठ करून लोकांकडे वळले.

"हसायला काय झालं?" ते म्हणाले. माइक नव्हता, पण डेपोत टँकरवाल्यांवर ओरडून कमावलेला आवाज होता. "मला झाली होती. बजबजला. सगळ्या अंगावर. दोन डॉक्टर झाले, काही उपयोग नाही. हिच्या वडिलांच्या मलमाने गेली."

एवढं बोलून ते बसले.  प्रकाश गोडबोल्यांनी दोन खुर्च्यांच्या मधल्या हातावरून आपलं कोपर हळूच उचलून घेतलं. चंद्रकांतरावांनी ते पाहिलं, मोकळ्या झालेल्या जागेवर आपला अख्खा हात पसरला, आणि स्टेजकडे बघून म्हणाले,

"थांबलीस का? गा."